उडत्या चकतीचे शास्त्र



चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्ली हे गाव ताडोबाच्या वाघांमुळे सर्वांना ठाऊक आहे. तेथील रानात बिजा नावाचा वृक्ष आढळतो. त्याचे फळ तुम्ही हातात घेऊन पाहिले आहे का? वाटोळे, चपटे, मध्ये बी आणि भोवती पातळ पापुद्रा. जणू लहानशी चकतीच! हे फळ उंचावरून सोडा. ते हेलकावे खात खाली येते. मात्र प्लॅस्टिकची मोठी चकती, म्हणजेच ‘फ्रिसबी’, सरावलेल्या खेळाडूने फेकली तर मैदानभर सरळ तरंगत जाते. असे का?

खेळाच्या चकतीचे वजन १७५ ग्रॅम आणि व्यास सुमारे २७ सेंटिमीटर असतो. क्षेत्रफळ काढून पाहा. ते सुमारे ५७० चौरस सेंटिमीटर येईल. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला वजन जेमतेम ०.३ ग्रॅम! ३ मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढा दाबातील फरक चकतीच्या वर आणि खाली असला की ती हवेत तरते. किंचित तिरपी चकती वेगाने पुढे जाताना हवेला खाली ढकलते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हवा तिला वर ढकलते.

पण एक अडचण आहे. चकती जास्त तिरपी झाली की हे बल तिच्या मध्याच्या थोडे पुढे लागते आणि पुढचा काठ उचलू पाहते. न फिरणारी चकती लगेच उताणी होऊन पडते. फिरणारी चकती मात्र भोवऱ्याप्रमाणे आपला अक्ष सहजासहजी बदलू देत नाही. तिचा काठ जाड ठेवतात तो याचसाठी. वस्तुमान मध्यापासून जितके दूर, तितका कोनीय संवेग अधिक.

म्हणून नवशिक्याची चकती पडली की “अंगात जोर नाही” असे म्हणणे चूक आहे. बहुधा उणीव असते ती फिरकीची, आणि फिरकी मनगटातून येते. या खेळात मुले-मुली एकाच संघात खेळू शकतात, याचे एक कारण हेच.

‘अल्टिमेट’ हा खेळ १९६८ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधील मेपलवुडच्या कोलंबिया हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी सुरू केला. प्रत्येक बाजूला सात खेळाडू. हातात चकती असताना पळायचे नाही. दहा सेकंदांत ती सोबत्याकडे फेकायची. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात झेलली की एक गुण. पंच नसतो. चूक कोणाची, हे खेळाडूच ठरवतात.

आता सराव करू या. दोघे दहा पावलांवर उभे राहा. अंगठा चकतीच्या वर, बोटे काठाखाली. लक्ष्याकडे खांदा करा, हात पोटाजवळून पुढे आणा आणि शेवटी मनगटाला झटका द्या. झेलताना एक तळवा वर, एक खाली, टाळी वाजवल्यासारखा. दहा फेकींपैकी किती झेलल्या गेल्या, ते वहीत लिहा. मग एकच गोष्ट बदला: पकड, कोन किंवा झटका. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कशामुळे झाली, हे कळणार नाही. प्रयोगशाळेतला नियम मैदानावरही तोच!

उजव्या हाताने अशी फेकलेली चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते आणि वेग मंदावला की डावीकडे कलते. फार लवकर कलली तर फिरकी वाढवा. वारा समोरून असेल तर चकती अधिक उचलली जाते. तेव्हा पुढचा काठ किंचित खाली ठेवून फेका. वारा पाठीमागून असेल तर ती लवकर उतरते.

चकती नसल्यास रंगाच्या प्लॅस्टिकच्या डब्याचे काठ वळलेले झाकण चालेल. स्टीलची ताटली मात्र कधीही फेकू नका. आणि मोहर्लीसारख्या जंगलालगतच्या गावात खेळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: चकती झुडपात गेली तर एकट्याने मागे जाऊ नये, आणि सूर्य मावळण्यापूर्वी खेळ थांबवावा. चकती दुसरी मिळेल.

जाता जाता एक प्रश्न: डावखुऱ्या मित्राची चकती कोणत्या बाजूला कलेल? आधी विचार करा, मग मैदानावर पडताळून पाहा.