आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत? जाणून घ्या कानाच्या नसेबद्दल

समजा, आरोंद्याच्या बाजारात मित्र तुमच्याशी बोलतोय. आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत. घरी येऊन तुम्ही मोबाईलवर कान तपासायचं ॲप उघडता, तर रिझल्ट 'नॉर्मल'! मग गडबड कुठे? ती ऐकण्याच्या नसेत असू शकते.

ॲपला काय कळत नाही?

कानाच्या आतल्या केसपेशी माईकसारख्या आवाज पकडतात आणि नस तो मेंदूकडे नेते. माईक ठीक, पण नेटवर्क तुटक असेल तर कॉलवर जे होतं, तेच इथे होतं. याला 'ऑडिटरी न्यूरोपथी' म्हणतात. हे नाव 1996 मध्ये अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी दिलं. ॲप फक्त 'बीप' ऐकू येतो का, ते बघतं. या त्रासात बीप ऐकू येऊ शकतो, गोंगाटातलं बोलणं मात्र कळत नाही.

मग निदान कसं होतं?

दोन टेस्ट एकत्र बघाव्या लागतात.

1. ओएई: निरोगी केसपेशी आवाजाला उत्तर म्हणून स्वतः बारीक आवाज करतात. कानात ठेवलेला छोटा माईक तो टिपतो.
2. बेरा: डोक्याला इलेक्ट्रोड लावून नसेतून जाणारा सिग्नल मोजतात. दुखत नाही.

ओएई चांगली आणि बेरा खराब, तर संशय नसेवर. म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या किंवा जास्त कावीळ झालेल्या बाळाची नुसती ओएई पास झाली म्हणून थांबू नका, बेराही करून घ्या.

उपचार काय?

श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, स्पष्ट करेलच असं नाही. काहींना कॉक्लिअर इम्प्लांटचा चांगला फायदा होतो, कारण ते नसेला थेट विजेचे सिग्नल देतं. पण नसच फार बारीक असेल तर फायदा कमी, म्हणून आधी एमआरआय करतात. रोजच्या वापरात गूगलचं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' मराठी बोलणं स्क्रीनवर लिहून दाखवतं.

कुठे जायचं?

आरोंद्याहून पूल ओलांडला की गोवा, पुढे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. निघण्याआधी फोन करून दोन्ही टेस्ट कोणत्या दिवशी होतात, ते विचारा.

आणि एक लक्षात ठेवा: एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर ॲप उघडत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. उशीर झाला तर ऐकणं परत येण्याची शक्यता कमी होते.