नवा मासा थेट टाकीत सोडू नका

जळगावात काय नि धुळ्यात काय, नवा मासा घेणाऱ्याला ‘आधी वेगळ्या टाकीत ठेवा’ म्हटलं की एकच उत्तर येतं: ‘भाऊ, इम्पोर्टेड आहे. एअरपोर्टवर क्वारंटाइन होऊनच आलाय.’ हे इतक्यांदा ऐकलंय, की आता एकदाचं खोडून काढायलाच हवं.

मुळात आपल्या दुकानांतले बहुतेक मासे परदेशातून येतच नाहीत. गप्पी, मॉली, एंजल, गोल्डफिश यांची पैदास तमिळनाडूत आणि पश्चिम बंगालात होते. चेन्नईचं कोलत्तूर हे या धंद्याचं मोठं केंद्र. एंजलची जात दक्षिण अमेरिकेतली असेल, पण तुमचा एंजल कधी विमानतळावर उतरलेलाच नाही. मग तपासणी कुठली?

जो खरंच बाहेरून येतो, त्याला १८९८च्या पशुधन आयात कायद्याखाली केंद्राचा परवाना लागतो, पाठवणाऱ्या देशाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि आल्यावर संगरोध, म्हणजे क्वारंटाइन होतं. हे देशात नवा रोग शिरू नये म्हणून. ही भीती उगाच नाही. माशांच्या अंगावर खोल जखमा पाडणारा ‘ईयूएस’ रोग १९८८मध्ये भारतात शिरला आणि तळ्या-नद्यांतून राज्यामागून राज्यात पसरला. पण संगरोधातून सुटलेला मासा ठोक विक्रेत्याकडे इतरांत मिसळतो, पिशवीत बंद होऊन खान्देशात येतो आणि दुकानात सगळ्या टाक्यांत फिरणाऱ्या एकाच जाळीने उचलला जातो. विमानतळावरचा कागद या प्रवासाची हमी देत नाही.

‘दोन दिवस पाहिला, ठणठणीत आहे’ हेही पुरत नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशावरून सुटून तळाशी पडतो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि ते पुन्हा मासा शोधत निघतात. २५ अंशांच्या पाण्यात हे चक्र साधारण आठवड्याचं. पाणी गार झालं की लांबतं. धुळ्याच्या थंडीत, हीटर नसलेल्या टाकीत, दोन दिवसांत काय कळणार? म्हणून तीन-चार आठवडे वेगळी साधी टाकी, तळाला वाळू नाही, जुन्या टाकीत मुरलेला स्पंज फिल्टर, आणि जाळी-सायफन स्वतंत्र. एवढं करा.

आता बाकीचे गैरसमज.

‘घरी मासे पाळायला बंदी आहे.’ नाही. मे २०१७चे नियम दुकानांसाठी होते, आणि तेही पुढे मागे घेतले गेले.

‘बँकॉकहून बॅगेत दोन मासे आणले तर कोण विचारतो?’ परवान्याशिवाय एकही जिवंत मासा आणता येत नाही.

‘अरोवाना शुभ असतो, त्याला कागद कशाला?’ आशियाई अरोवाना वन्यजीवांच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट एकमध्ये आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर तो बाळगणाऱ्याला सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

‘नको झालेला मासा मेहरूण तलावात सोडला की पुण्य लागतं.’ अजिबात नाही. दुकानात बोटभर दिसणारा सकर फूटभराहून मोठा होतो. उजनी धरणात तो मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. वाघूर, गिरणा, तापीत तो एकदा रुजला, तर कुणालाही बाहेर काढता येणार नाही. मासा झेपत नसेल तर दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या शौकिनाला द्या.