जुनी पिकअप द्यावी की ठेवावी?



भात झोडून झालं, पेंढा रचून झाला. आता शहापूर-मुरबाडकडे भेंडी, काकडी, वांगी यांचे दिवस सुरू होतील. माल निघायला लागला की कल्याणच्या नाहीतर वाशीच्या मार्केटला फेऱ्या सुरू होतात, आणि घराघरांत गाडीचा विषय निघतो. "ही जुनी पिकअप देऊन टाकू, नवीन घेऊ. शोरूमवाले जुनीचे पैसे वळते करून घेतात." गटांच्या बैठकांत हे आम्ही बऱ्याच तायांकडून ऐकतो.

गाडी चालवतात घरातले पुरुष, ठरवतातही बहुतेक तेच. पण डाऊन पेमेंटला पैसे कमी पडले की गटातून कर्ज आपल्या नावावर निघतं, आणि फायनान्सच्या कागदावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही आपली लागते. सही आपली असेल तर हिशेबही आपल्याला कळायला हवा. तो कसा करायचा, हे आज पाहू.

आधी व्यवहार वेगळे करा

जुनी देऊन नवी घेणं हा एक व्यवहार वाटतो, पण खरं तर ते तीन व्यवहार आहेत. जुनी विकणं, नवी विकत घेणं आणि कर्ज काढणं. तिन्ही एकत्र सांगितले की कुठे फायदा झाला आणि कुठे तोटा, हे कळत नाही. जुनीला भाव चांगला देतात, पण नवीवरची सूट काढून घेतात. कधी सूट देतात, पण व्याज जास्त लावतात.

म्हणून शोरूममध्ये तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा. जुनी गाडी न देता नवीची रस्त्यावर येईपर्यंतची किंमत किती? जुनीचे किती धरले? कर्जाचं व्याज किती? मग जुनीचा भाव बाहेर दोन-तीन ठिकाणी विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. नवी स्वस्त झाली की जुन्यांचे भावही खाली येतात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांना मिळालेला भाव धरून बसू नका.

जुनीचा वर्षाचा खर्च

"गाडी सारखी गॅरेजला असते" असं आपण म्हणतो. पण वर्षाला नक्की किती पैसे जातात, हे विचारलं तर सांगता येत नाही. मागच्या बारा महिन्यांच्या पावत्या काढा. पावती नसेल तिथे आठवून लिहा. गॅरेज, टायर, बॅटरी, विमा, पासिंग सगळं धरा. त्यात अजून एक ओळ घाला, ती म्हणजे गाडी बंद पडल्यामुळे बुडालेले दिवस.

समजा, नऊ वर्षांची एक पिकअप आहे. गॅरेज आणि टायर मिळून वर्षाला ९०,००० रुपये गेले. विमा आणि पासिंगचे ४०,०००. गाडी १५ दिवस बंद राहिली, आणि डिझेल, ड्रायव्हर जाऊन फेरीला १,००० रुपये सुटतात असं धरलं, तर बुडाले १५,०००. एकूण १,४५,००० रुपये. आकडा मोठा वाटतो, आणि इथेच नवीन घ्यायचा मोह होतो.

आता नवीचा हिशेब मांडू. ७ लाखांचं कर्ज, ११ टक्के घटतं व्याज, मुदत पाच वर्षं. महिन्याचा हप्ता होतो साधारण १५,२२०, म्हणजे वर्षाला १,८२,६४०. विमा आणि कर मिळून ५५,००० धरू, सर्व्हिसिंगचे १५,०००. बेरीज झाली २,५२,६४०. नवी गाडी लिटरमागे दोन किलोमीटर जास्त देते असं धरलं, आणि वर्षात १६,००० किलोमीटर चालली, तर डिझेलचे साधारण २०,००० वाचतील. तरी २,३२,६४० उरतात.

दोन्हींतला फरक साधारण ८७,६०० रुपयांचा. म्हणजे नवी गाडी आली की आहेत त्या फेऱ्यांवर वर्षाला अजून ८७-८८ फेऱ्या जास्त कराव्या लागतील, तेव्हा कुठे आपण आज आहोत तिथेच राहू. डाऊन पेमेंटसाठी गटातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता यात धरलेलाच नाही.

नवीच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. पाच वर्षांनी कर्ज फिटेल आणि तेव्हा त्या गाडीला चांगली किंमत असेल. जुनीला तेव्हा भंगाराच्या आसपासचा भाव येईल. पण ती किंमत हातात येईल पाच वर्षांनी, आणि हप्ता दर महिन्याला कापला जातो.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या वहीत तुमचे आकडे घाला. जुनीचा खर्च वाढत वाढत दोन-सव्वादोन लाखांवर गेला असेल, तर उत्तर बदलेल. जास्तीचं भाडं खरोखर मिळणार असेल, तरीही बदलेल. "मिळेल" म्हणून चालणार नाही. कोणाचा माल, आठवड्यात किती दिवस, किती भाड्याने, हे नावानिशी लिहिता आलं पाहिजे.

पावसाळ्याचे महिने

आपल्याकडे भाजीचा जोर दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. आषाढ-श्रावणात शेतात भात असतं, माळशेजकडे, डोळखांबकडे पाऊस कोसळत असतो, आणि बऱ्याच गाड्या दारात उभ्या राहतात. हप्ता मात्र बारा महिने असतो. चार महिन्यांचे १५,२२० प्रमाणे ६०,८८० होतात. हे पैसे हंगामातच बाजूला पडणार आहेत का? कर्ज घेतानाच बँकेला विचारा, की हंगामात मोठा आणि पावसाळ्यात लहान हप्ता ठेवता येईल का. विचारायला पैसे पडत नाहीत.

वयाबद्दल ऐकीव गोष्टी

"डिझेल गाडी दहा वर्षांनी बंदच होते, म्हणून आताच काढा" असं सांगून घाई केली जाते. दहा वर्षांचा तो नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागासाठी आला. आपल्या ठाणे जिल्ह्याला तो लागू नाही.

आपल्याला लागू आहे तो पासिंगचा नियम. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दर दोन वर्षांनी असतं, नंतर दरवर्षी. पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांची पासिंगची फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली आहे. म्हणजे आठवं आणि पंधरावं वर्ष हे दोन टप्पे लक्षात ठेवायचे. गाडी पंधराच्या जवळ आली असेल, तर ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात जमा करण्याचा मार्गही आहे. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते, आणि मालवाहू गाडीला करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला गाडी दिली तर हे प्रमाणपत्र मिळत नाही.

वयापेक्षा गाडीची तब्येत महत्त्वाची. क्लचप्लेट, पाटे, ब्रेक, टायर ही कामं करून गाडी पुढे चालते. पण चेसिसला आरपार गंज लागला असेल, तर तिच्यावर पैसे घालत बसू नये. आपल्याकडच्या पावसात हौद्याखाली काय झालंय, ते गाडी वर उचलून पाहिल्याशिवाय कळत नाही. इंजिनकाम निघालं असेल तर खर्चाचा अंदाज लिहून घ्या आणि दुसऱ्या मेकॅनिकलाही दाखवा. ६०-७० हजारांच्या इंजिनकामाने गाडी तीन वर्षं नीट चालणार असेल, तर ते चार-पाच हप्त्यांचे पैसे झाले.

नव्या गाडीचा स्वभाव वेगळा

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ च्याच विकल्या जातात. त्यांचा धूर कमी, हे आपल्या लेकराबाळांसाठी चांगलंच आहे. पण डिझेलच्या बीएस-६ गाडीत धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. तिला डीपीएफ म्हणतात. गाडी गरम होऊन सलग धावली की साठलेली काजळी जळून जाते. शेतापासून नाक्यापर्यंतच्या छोट्या फेऱ्या आणि उभ्या गाडीत चालू ठेवलेलं इंजिन, एवढंच चाललं तर गाळणी तुंबते आणि समोर दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष केलं तर खर्च मोठा येतो. काही गाड्यांत डीईएफ नावाचा वेगळा द्रवही भरावा लागतो. तो संपू दिला तर गाडी अडते.

कल्याणपर्यंत रोजची सलग फेरी असेल तर याची अडचण नाही. पण गाडी गावातल्या गावात फिरणार असेल, तर घेण्याआधी विचारा. दिवा लागला तर काय करायचं? जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे? तिथपर्यंत नेण्याचा खर्च किती? नाक्यावरच्या गॅरेजात प्रत्येक काम होईलच असं नाही.

कर्जाच्या कागदावर

"व्याज फक्त आठ टक्के" असं कोणी म्हणालं की पुढचा प्रश्न विचारा, फ्लॅट की घटतं? ७ लाखांवर ८ टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षांचं व्याज २,८०,०००, हप्ता १६,३३३. वर आपण धरलेलं ११ टक्के घटतं व्याज पाच वर्षांत साधारण २,१३,००० होतं. आठ टक्के दिसायला कमी, पण भरावे लागतात ६७ हजार जास्त. टक्का ऐकून ठरवू नका, पाच वर्षांत एकूण किती भरायचे हा आकडा मागा.

दुसरं म्हणजे जामिनाची सही. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. "नुसती सही आहे" असं काही नसतं. आणि सही आपली असेल तर आरसी बुकावर नाव आपलं का नको, हेही घरात शांतपणे विचारा. गाडी आपल्या नावावर घेता येते, त्यासाठी ती स्वतः चालवता आलीच पाहिजे असं नाही.

काही ताया आजीविका ग्रामीण एक्सप्रेसबद्दल विचारतात. २०१७ ला सुरू झालेल्या या योजनेत गटाच्या सदस्याला गाडीसाठी साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्जाची सोय ठेवली होती. पण ती गावाकडच्या रस्त्यांवर प्रवासी नेण्यासाठी आहे. भाजीच्या पिकअपचा हिशेब तिच्यावर धरू नका.

जुनी दिली, पण नाव राहिलं

गाडी दिली, पैसे घेतले, चावी सोपवली, तरी आरसी बुकावरचं नाव बदलेपर्यंत कायद्याने मालक आपणच असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात हेच सांगितलं. गाडी चार हात पुढे विकली गेली तरी ज्याच्या नावावर नोंद आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते.

म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर सही करताना ते कोरे ठेवू नका. घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरलेली असू द्या, आणि गाडी दिल्याची तारीख-वेळेची पोच घ्या. शोरूम किंवा जुन्या गाड्यांचा डीलर गाडी घेत असेल, तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का ते पाहा. १ एप्रिल २०२३ पासून अशा अधिकृत डीलरला गाडी सोपवून तशी नोंद केली, की पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. आधीचं कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणून बोजा उतरवून घ्या. फास्टॅग बंद करा. दंडाची चलनं बाकी नाहीत ना, ते पाहा. विम्याचा दावा केला नसेल तर नो क्लेम बोनस आपला असतो, गाडीबरोबर जात नाही. तो नव्या पिकअपच्या विम्यावर घेता येतो.

मग ठरवायचं कसं?

वही पुढे ठेवून तीन प्रश्न विचारा. जुनीचा वर्षाचा खर्च नवीच्या हप्त्याजवळ पोचला आहे का? नव्या गाडीला जास्तीचं काम नक्की आहे का? पावसाळ्याच्या चार महिन्यांचे हप्ते कुठून येणार ते ठरलं आहे का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर खुशाल घ्या, आणि नारळ फोडायला गटालाही बोलवा. दोन नाही आली तर यंदा डागडुजी करून हंगाम काढा, आणि हप्त्याला गेले असते त्यातले थोडे थोडे दर महिन्याला बाजूला टाका. पुढच्या वर्षी डाऊन पेमेंट मोठं होईल, कर्ज लहान होईल. मधला मार्गही आहे. तीन-चार वर्षं वापरलेली गाडी मेकॅनिकला दाखवून घ्यायची, किंवा चार घरांचा माल एकत्र करून भाड्याच्या गाडीने पाठवायचा.

पुढच्या बैठकीत ज्यांच्या घरी हा विषय चालू आहे, त्यांनी पावत्या घेऊन या. बचतीची वही लिहून झाली की आपण गाडीची वही लिहू. एकीचा हिशेब सगळ्यांसमोर झाला की बाकीच्यांनाही तो आपोआप येतो.