संधी व अस्थिविकारांवरील आयुर्वेदीय चिकित्सा

संधी व अस्थिविकारांवरील आयुर्वेदीय चिकित्सा म्हणजे सांधे, हाडे, स्नायू आणि मांसपेशी यांच्या विकारांचे आयुर्वेदशास्त्रानुसार केले जाणारे निदान व उपचार होत. यांतील बहुतेक विकारांचे मूळ वातदोषाच्या प्रकोपात मानले जाते. मात्र सर्व सांधेदुखी एकाच प्रकारची नसते, हे या शास्त्राचे महत्त्वाचे प्रतिपादन आहे. व्यवहारात ‘वात’ किंवा ‘संधिवात’ या एकाच नावाने ओळखले जाणारे विकार ग्रंथांत वेगवेगळे वर्णिलेले असून त्यांचे उपचार काही बाबतींत परस्परविरुद्ध आहेत.

संज्ञा

आजच्या मराठीत व प्राचीन ग्रंथांत काही शब्दांचे अर्थ भिन्न आहेत. मराठी शालेय पुस्तकांत ‘स्नायू’ म्हणजे आकुंचन-प्रसरण पावणारे मांसल ऊतक आणि ‘पेशी’ म्हणजे सजीवाचा सूक्ष्मतम घटक. सुश्रुतसंहितेत मात्र ‘पेशी’ हा शब्द मांसपेशीसाठी, तर ‘स्नायू’ हा शब्द सांधे व मांस बांधून ठेवणाऱ्या चिवट बंधांसाठी वापरलेला आहे. त्यामुळे ग्रंथातील ‘स्नायुगत वात’ हा आजच्या अर्थाने स्नायूंचा विकार समजणे चुकीचे ठरते.

अस्थींची संख्या चरकसंहितेत ३६०, तर सुश्रुतसंहितेत ३०० सांगितली आहे. आधुनिक शरीररचनाशास्त्रानुसार प्रौढ मनुष्याच्या शरीरात साधारणतः २०६ हाडे असतात. प्राचीन गणनेत दात, नखे व कूर्चा यांचाही समावेश असल्याने हा फरक पडतो. सुश्रुताने २१० संधी, ९०० स्नायू व ५०० पेशी मोजल्या आहेत.

प्रमुख विकार

संधिगतवात: चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २८व्या अध्यायात (वातव्याधिचिकित्सा) याचे वर्णन येते. सांधा सुजतो, हाताला वाऱ्याने भरलेल्या कातडी पिशवीसारखा लागतो आणि हालचाल करताना दुखतो. वाढते वय, अतिश्रम व धातुक्षय ही याची कारणे मानली जातात. वैद्य याची तुलना गुडघ्याच्या झिजेशी, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसशी करतात.

आमवात: या व्याधीचे स्वतंत्र निदान प्रथम माधवकराच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात (सुमारे ७वे-८वे शतक) सविस्तर आढळते. अग्निमांद्यामुळे अपक्व राहिलेला अन्नरस, म्हणजे ‘आम’, वातासह सांध्यांत साचतो, अशी त्यामागील कल्पना आहे. अंग मोडून येणे, अरुची, ताप, जडपणा व अनेक सांध्यांची सूज ही त्याची लक्षणे होत. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसशी त्याचे साम्य दाखवले जाते, तथापि दोन्ही संज्ञा तंतोतंत एक नाहीत.

वातरक्त: चरकाने २९व्या अध्यायात वर्णिलेला हा विकार बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांपासून सुरू होतो. गाउटशी त्याची तुलना होते.

याखेरीज नितंबापासून पायाकडे उतरणारी वेदना (गृध्रसी), खांद्याची हालचाल आखडणे (अवबाहुक), मान धरणे (मन्यास्तंभ) आणि गुडघ्याला कोल्ह्याच्या डोक्यासारखी मोठी सूज येणे (क्रोष्टुकशीर्ष) हे विकारही ग्रंथांत सांगितले आहेत.

चिकित्सा

संधिगतवातात स्नेहन व स्वेदन हे उपचार प्रमुख आहेत. स्नेहनात तेलाचा अभ्यंग व पोटातून तूप-तेल देणे यांचा समावेश होतो. गुडघ्याभोवती उडदाच्या पिठाचे आळे करून त्यात कोमट तेल धरून ठेवण्यास जानुबस्ती, तर कमरेवर तसेच करण्यास कटिबस्ती म्हणतात. पंचकर्मांपैकी बस्ती ही वातावरील श्रेष्ठ चिकित्सा मानली जाते.

आमवातात क्रम बदलतो. आम असेपर्यंत तेलाचे मर्दन वर्ज्य मानले जाते. तेलाने जडपणा व सूज वाढते, असे यामागील कारण दिले जाते. म्हणून चक्रपाणिदत्ताने (११वे शतक) प्रथम लंघन, मग स्वेदन, कडू-तिखट व अग्निदीपक द्रव्ये, विरेचन आणि त्यानंतर स्नेहपान व बस्ती असा क्रम दिला आहे. शेक द्यावयाचा तो गरम वाळूच्या पुरचुंडीने, म्हणजे कोरडा द्यावा. विरेचनासाठी एरंडेल तेलास विशेष महत्त्व आहे. ‘वात आहे, तेल चोळा’ हा घरगुती सल्ला त्यामुळे प्रत्येक सांधेदुखीस लागू पडत नाही.

औषधांमध्ये गुग्गुळाचे कल्प अधिक वापरले जातात. वातव्याधीत योगराज व त्रयोदशांग गुग्गुळ, आमवातात सिंहनाद गुग्गुळ, वातरक्तात कैशोर गुग्गुळ आणि अस्थिभंगात लाक्षादी गुग्गुळ देण्याची प्रथा आहे. महारास्नादी काढा, दशमूळ, निर्गुंडी, शल्लकी, गुळवेल, सुंठ व हाडजोड (अस्थिशृंखला) ही अन्य परिचित द्रव्ये होत. गृध्रसीत अग्निकर्म व शिरावेध, तर वातरक्तात रक्तमोक्षण सांगितलेले आहे.

भग्नचिकित्सा

हाड मोडणे व सांधा निखळणे यांचा विचार सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या १५व्या आणि चिकित्सास्थानाच्या ३ऱ्या अध्यायात केला आहे. हाड मोडण्याचे (कांडभग्न) १२ आणि सांधा निखळण्याचे (संधिमुक्त) ६ प्रकार तेथे दिले आहेत. अवयव ओढणे, दाबून जागेवर बसवणे व बांधणे असा उपचाराचा क्रम आहे. आधारासाठी वड, पिंपळ, उंबर, अर्जुन, पळस आदी वृक्षांच्या साली व बांबूच्या कांबट्या वापराव्यात असे सांगितले आहे. पट्टी थंड ऋतूत सात, समशीतोष्ण ऋतूत पाच व उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावी. बालवयात हाड एका महिन्यात, मध्यमवयात दोन व उतारवयात तीन महिन्यांत जुळते, असेही तेथे नमूद आहे. कमरेखालच्या अस्थिभंगात रुग्णास फळीवर निजवून खुंट्यांनी स्थिर ठेवण्याच्या पद्धतीस ‘कपाटशयन’ म्हणतात.

नागपुरातील संस्था

भोसलेकालीन नागपूरचा मध्यवर्ती भाग असलेल्या महालच्या दक्षिणेस आयुर्वेदाची दोन जुनी महाविद्यालये व त्यांना जोडलेली रुग्णालये आहेत: सक्करदरा परिसरातील राजे रघुजी नगर येथील शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि हनुमाननगर येथील भारतीय वैद्यक समन्वय समितीचे श्री आयुर्वेद महाविद्यालय. दोन्हींचा अभ्यासक्रम महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक याच्याशी संलग्न आहे. नंदनवन भागात केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेची माता व बाल आरोग्यविषयक प्रादेशिक संस्था आहे. औषधनिर्मितीत बैद्यनाथचा नागपूर येथील कारखाना परिचित आहे. ‘मेडिकल’ व ‘मेयो’ या नावांनी ओळखली जाणारी दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयेही महालपासून जवळच असल्याने, आयुर्वेदीय उपचार घेणाऱ्या रुग्णास रक्ततपासणी व क्ष-किरण चित्रण यांची सोय त्याच परिसरात होऊ शकते.

आधुनिक संशोधन

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली ४,०९२ प्रौढांचे सर्वेक्षण झाले. त्यात सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, हाडे वा मांसपेशींचे दुखणे असल्याचे, तर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का असल्याचे आढळले.

पुण्याचे संधिविकारतज्ज्ञ अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी २०१३ साली गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रुग्णांवरील २४ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. सुंठ, गुळवेल, आवळा व शल्लकी यांवर आधारित औषधांचा वेदनेवरील परिणाम ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्याशी समतुल्य ठरला. मात्र आयुर्वेदीय औषध घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताच्या एका विकराची पातळी वाढली व औषध थांबल्यावर ती पूर्ववत झाली. २०१८ साली बर्लिनमधील १५१ रुग्णांच्या चाचणीतही गुडघेदुखीत सुधारणा दिसली, परंतु उपचार कोणता हे रुग्णांना ठाऊक असल्याने तिच्या निष्कर्षांना मर्यादा आहे.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसबाबत पुरावा तोकडा आहे. कोइम्बतूर येथे आयुर्वेदीय चिकित्सा व मेथोट्रेक्सेट यांची तुलना करणारी, २०११ साली प्रसिद्ध झालेली चाचणी केवळ ४३ रुग्णांची होती.

सुरक्षितता

काही वातहर कल्पांत कुचला, बिब्बा किंवा बचनाग ही विषारी द्रव्ये शोधन करून वापरतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील अनुसूची ‘ई-१’ मध्ये त्यांचा समावेश असून अशी औषधे वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर असणे बंधनकारक आहे. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. नाव व घटक नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ आढळल्याची उदाहरणेही आहेत. अशा पुडीने त्वरित आराम वाटतो, पण ती अचानक थांबवणे धोकादायक ठरू शकते.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये पहिल्या काही महिन्यांतील उपचार निर्णायक असतात, कारण सांध्यांची एकदा झालेली हानी भरून येत नाही. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ राहणारा आखडलेपणा, हातांच्या लहान सांध्यांना दोन्ही बाजूंनी येणारी सूज, तापासह लाल झालेला एकच सांधा, पायातील बळ कमी होणे किंवा लघवीवरचे नियंत्रण जाणे ही लक्षणे असल्यास कोणत्याही पद्धतीचा उपचार सुरू करण्यापूर्वी निदान होणे आवश्यक आहे. चालू असलेले मेथोट्रेक्सेटसारखे औषध वैद्यकीय सल्ल्याविना बंद करू नये आणि दोन्ही पद्धतींची औषधे घेत असल्यास ते दोन्ही चिकित्सकांना सांगावे.

हेही पहा

पंचकर्म
सुश्रुतसंहिता
माधवनिदान