पॉन्टून बोट निवडताना: आधी तळ, मग बैठक

मिनेसोटा, मिशिगन किंवा विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला उन्हाळा आला की तळ्याची ओढ लागते. घरात लहान मुलं असतात, त्याच सुमारास भारतातून आई-बाबाही आलेले असतात. धक्क्यावरून पाय टाकला की थेट सपाट जमिनीवर पडेल, बसायला ऐसपैस सोफे, डोक्यावर सावली आणि चहूबाजूंनी कठडा असेल, अशी बोट हवी असते. अशा कुटुंबासाठी पॉन्टून बोट खरोखरच उत्तम.

तिची कल्पना सरळ आहे. अॅल्युमिनियमची दोन लांब, हवाबंद नळकांडी आणि त्यावर सपाट फळी. ही नळकांडी म्हणजेच पॉन्टून. १९५१ च्या सुमारास मिनेसोटातल्या रिचमंडजवळ अँब्रोझ वीरेस यांनी पोलादी पिंपं एकापुढे एक जोडून त्यांच्या दोन रांगा केल्या आणि त्यावर लाकडी फळी टाकली. आजच्या बोटी दिसायला कितीही झगमगीत असल्या, तरी रचना तीच आहे. म्हणून निवड खालून वर करावी. दुकानात मात्र नजर आधी सोफ्यांवर आणि स्पीकरवर जाते, आणि बहुतेकांची गल्लत तिथेच होते.

सुरुवात तळ्यापासून करा. आपण नेहमी जाणार ते तळं लहान आणि शांत आहे, की मिनेटोंकासारखं मोठं? १४ हजार एकरांहून मोठ्या त्या पाण्यावर शनिवार-रविवारी मोटारबोटींची गर्दी असते आणि त्यांच्या लाटा सगळीकडून येतात. लहान तळ्यावर दोन नळकांड्यांची बोट पुरते. मोठ्या, वाऱ्याच्या तळ्यावर तीन नळकांड्यांची, म्हणजे ट्रायटून, जास्त स्थिर राहते आणि वजनही जास्त पेलते. अर्थात ती महागही पडते.

आता वाकून खाली पाहा. नळकांड्यांचा व्यास साधारण २३ ते २५ इंच असतो. जाड नळकांडी बोटीला जास्त उचलून धरतात. आत आडवे पडदे घालून वेगळे कप्पे केलेले आहेत का, हे विचारा. कप्पे असले तर एका जागी भोक पडूनही सगळं नळकांडं पाण्याने भरत नाही. फळीखालच्या आडव्या पट्ट्यांमधलं अंतरही मोजा. १६ इंचांवर पट्टी असेल तर २४ इंचांपेक्षा मजबुती जास्त.

जुनी बोट घेत असाल तर ती पाण्यात तरंगताना मागून बघा. रिकामी असूनही एका बाजूला कललेली दिसली, तर त्या बाजूच्या नळकांड्यात पाणी शिरलं असण्याची शक्यता आहे. मग ट्रेलरवर घेऊन सांधे, पोचे आणि डागडुजीच्या खुणा पाहाव्यात. फळी बहुधा प्लायवूडची असते. कोपऱ्यांत आणि सोफ्यांच्या पायांपाशी पाय दाबून चाला. जिथे मऊ लागेल तिथे लाकूड कुजलंय असं समजा.

किती माणसं बसतील, हे सोफे मोजून ठरत नाही. बहुतेक बोटींवर क्षमतेची पाटी असते. किती माणसं, एकूण किती पौंड वजन आणि जास्तीत जास्त किती ताकदीचं इंजिन, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. पौंडांत शीतपेटी, खाण्याचे डबे, नांगर असं सगळं सामान येतं. पाटीवर ११ माणसं असली तरी सामानासह ८ जणांचा हिशेब धरावा, असं माझं मत आहे. चार जणांच्या घराला आणि अधूनमधून येणाऱ्या पाहुण्यांना २० ते २२ फूट लांबी बहुधा पुरते.

इंजिन घेताना दोन चुका होतात. एक, स्वस्त म्हणून फार लहान इंजिन घेणं. २० फुटी बोटीला ५०-६० अश्वशक्ती रमतगमत फिरायला चालते, पण भरलेली बोट वाऱ्याविरुद्ध परत आणताना ती कमी वाटते. २२ फुटीला ९० ते ११५ बरी. मुलांना रबरी ट्यूबवर बसवून मागून ओढायचं असेल, तर ट्रायटून आणि १५० किंवा जास्त. दुसरी चूक म्हणजे विक्रेत्यासोबत दोघांनीच चक्कर मारून इंजिनाबद्दल मत बनवणं. दोन माणसांना घेऊन कुठलंही इंजिन चपळ वाटतं. चाचणीला अख्खं कुटुंब न्या, आणि वारा असलेला दिवस निवडा. पॉन्टून उंच आणि हलकी असल्याने वारा तिला पतंगासारखं ढकलतो, आणि धक्क्याला लावताना ते फार जाणवतं. वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून, अगदी हळू लावायचं. हातापायांनी धक्का थोपवायला जाऊ नये.

चाचणीतच पुढचा भाग कसा वागतो ते पाहा. फोटोसाठी सगळे पुढच्या दाराशी जमतात, चालवणारा एकदम वेग कमी करतो, नाक खाली जातं आणि समोरची लाट सरळ फळीवर चढते. मोठी लाट दिसली की माणसं मागे बसवावीत, वेग हळूहळू कमी करावा आणि लाट थोडी तिरकी घ्यावी.

कठड्याबाहेर, पुढे पाय सोडून बसायला मुलांना फार आवडतं. हे कधीही करू देऊ नका. पुढून पडलेलं मूल बोटीखाली जातं, आणि मागे प्रॉपेलर म्हणजे इंजिनाचा पंखा फिरत असतो. दाराच्या कड्या लहान हातांना सहज उघडणाऱ्या नाहीत ना, हे विकत घेण्याआधीच तपासा. मागची शिडी रुंद पायऱ्यांची हवी, आणि आजींना दोन्ही हातांनी धरता येईल असा दांडा हवा. पाण्यातून कुणी वर येत असेल तर इंजिन पूर्ण बंद करायचं, नुसतं न्यूट्रलमध्ये ठेवायचं नाही. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर बसणंही धोक्याचं आहे, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही.

ट्रेलरचा हिशेब लोक सर्वांत शेवटी करतात. २२ फुटी साधी बोट २,००० पौंडांच्या वर जाते. ११५ अश्वशक्तीचं इंजिन साधारण ३६० पौंड, २५ गॅलन पेट्रोल दीडशे, आणि ट्रेलर हजारेक पौंड. एकूण साडेतीन हजारांच्या पलीकडे. आपल्याकडे घरोघरी दिसणारी होंडा ओडिसी किंवा टोयोटा सिएना जास्तीत जास्त ३,५०० पौंडच ओढू शकते, म्हणजे ती इथे पुरत नाही. मोठी गाडी घ्यायची नसेल तर बोट मरीनात, म्हणजे भाड्याच्या बोटतळावर ठेवावी. तिथल्या भाड्याचा आणि हिवाळ्यातल्या साठवणीचा खर्च आधीच विचारून घ्या.

इतकं सगळं करण्याआधी एक उन्हाळा भाड्याची पॉन्टून घ्यावी, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं. किती लांबी लागते, कोण कुठे बसतं, आजोबांना ऊन सोसतं का, हे त्यातूनच कळतं. बोट चालवण्याचं प्रमाणपत्र लागतं का, हेही आधी पाहा. ते राज्यानुसार आणि जन्मवर्षानुसार बदलतं.

शेवटची खरेदी लाइफ जॅकेटची. अमेरिकेत बोटीवर प्रत्येक माणसासाठी एक जॅकेट असावंच लागतं, आणि १६ फूट व त्याहून लांब बोटीवर पाण्यात पडलेल्याकडे फेकता येईल असं एक तरंगतं साधनही. मुलांनी ते घालूनच बसावं असा नियम बहुतेक राज्यांत आहे, फक्त वय वेगळं: मिनेसोटात १० वर्षांखालची मुलं, मिशिगनमध्ये ६ वर्षांखालची. आपल्यातल्या अनेकांना पोहता येत नाही, तेव्हा वय न पाहता सगळ्यांनीच घालावं. मुलांची जॅकेटं वजनानुसार घ्या आणि दर उन्हाळ्यात पुन्हा तपासा. खांद्यांपाशी धरून वर उचलल्यावर जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं, तर ते मोठं आहे. आई-बाबांचं मात्र ते आल्यावर, त्यांना घालून बघूनच घ्या.