प्यादं कोणत्या घरात चढलं?

सांगलीत बुद्धिबळ म्हटलं की भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचं नूतन बुद्धिबळ मंडळ ही नावं आधी ओठांवर येतात. भाग्यश्री साठे-ठिपसे याच वातावरणात घडल्या. त्या पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या आणि १९९१ साली आशियाई विजेत्या झाल्या. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनी मुंबईच्या, पण नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ते घराणं मूळ सांगलीचंच. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीनं जिंकली आणि १९८१ साली रोहिणी आशियातली पहिली महिला विजेती ठरली. आज या गावातल्या कुठल्याही शिकाऊ पोराला विचारा, प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचं काय होतं? प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येईल, वजीर! नियमानं हत्ती, उंट आणि घोडा हेही पर्याय आहेत. पण ते असल्याची त्याला आठवणही करून द्यावी लागते.

त्याच्या पणजोबांना हाच प्रश्न विचारला असता तर त्यांनी उलट विचारलं असतं, कोणत्या घरात चढलं?

देशी डावात प्यादं ज्या उभ्या पट्टीत वर पोचेल त्या पट्टीचं मोहरं व्हायचं. कडेच्या पट्टीत हत्ती, तिच्या आतल्या पट्टीत घोडा, त्याच्या आत उंट आणि मधल्या दोन पट्ट्यांत वजीर. त्यातही अट होती. ते मोहरं तुमचं आधी मेलेलं असलं पाहिजे. दोन्ही हत्ती पटावर शाबूत असतील तर कडेचं प्यादं सातव्या घरात ताटकळत उभं राही. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरके. किल्लेकोट (कॅसलिंग) नव्हता. त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तर डावात एकदा घोड्याची चाल चालायची मुभा होती. प्याद्यानं केलेली मात, म्हणजे प्यादेमात, विशेष मानाची. समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा उघडा पाडला तर ती बुर्जी, तिला पुऱ्या विजयाचा मान नसे. गावोगाव फरक होते आणि त्यावरून भांडणंही होत, पण बढतीच्या नियमाचा गाभा हाच.

आजकालची मुलं संगणकावर अद्भुत राज्यांच्या लढाया खेळतात. शिपायाला बढती देताना दोन-तीन पर्यायांतून एक निवडतात आणि कोणता पर्याय ‘ओव्हरपॉवर्ड’ आहे यावर रात्र-रात्र वाद घालतात. त्यांना वाटतं हा प्रश्न त्यांच्या पिढीचा. कोणत्या शिपायाला काय करावं आणि त्यानं खेळाचा तोल राहतो की ढळतो, हा हिशेब आपल्याकडे लाकडी पटावर फार पूर्वी मांडला गेला होता. आणि माझं मत विचाराल तर आजच्या आंतरराष्ट्रीय नियमापेक्षा तो जास्त कसून मांडला होता.

आधी तोल ढळला कसा ते पाहू. जुन्या शतरंजात वजीर, म्हणजे फर्जी, फक्त एक घर तिरपा चाले. घोड्यापेक्षाही तो दुबळा होता. त्यामुळे प्याद्याचा फर्जी झाला तरी पटावर उलथापालथ होत नसे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात या मोहऱ्याला आजची ताकद मिळाली, आठही दिशांना हवं तितकं पळण्याची. रूढ हिशेबात प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. म्हणजे एका मोहऱ्याची ताकद वाढवली आणि बढतीचा नियम तसाच ठेवला, तर शेवटचं घर गाठणाऱ्या प्रत्येक प्याद्याची किंमत एकदम नऊपट होते. खेळ घडवणाऱ्यांना ही चूक आजही नडते. एका पात्राला जोर दिला की त्याच्याकडे नेणारी प्रत्येक वाट महाग होते.

युरोपातही याची टोचणी होती. फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिडोरला एकाच बाजूचे दोन-दोन वजीर पटावर पटत नसत. बढती मेलेल्या मोहऱ्यापुरतीच असावी, हा त्याचा आग्रह. १८६२ च्या ब्रिटिश नियमावलीनं वेगळीच पळवाट काढली. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं मालकाची इच्छा असेल तर प्यादंच राहू शकेल! जगज्जेत्या स्टाइनिट्झनं १८८९ मध्येही या नियमाची बाजू लावून धरली. पुढे हे सगळं मागे पडलं आणि मुक्त निवड उरली.

मुक्त निवड ऐकायला छान वाटते. पण जी निवड शंभरातल्या नव्याण्णव वेळा सगळे सारखीच करतात, तिला निवड का म्हणायचं? वजिराकडे हत्ती आणि उंट दोघांच्याही चाली आहेत. घोड्याची चाल सोडली तर दुसरं काही घेण्याचं कारण क्वचितच पडतं. पडलं तर ते कोड्यात शोभतं. १८९५ साली ग्लासगोत स्पॅनिश धर्मगुरू साव्हेद्रा यांनी शोधलेली चाल प्रसिद्ध आहे. पांढऱ्याकडे राजा आणि एक प्यादं, काळ्याकडे राजा आणि हत्ती. प्याद्याचा वजीर केला तर काळा आपला हत्ती बळी देऊन राजाची कोंडी करून घेतो आणि डाव बरोबरीत सोडवतो. हत्ती केला तर पांढरा जिंकतो. जगभर हे कोडं सुंदर मानतात आणि ते आहेच. आता ते देशी पटावर मांडा. प्यादं उंटाच्या पट्टीत आहे, म्हणजे वर पोचल्यावर त्याचा उंटच होणार. वजीर की हत्ती हा पेच उरतच नाही. कोडं संपलं आणि पांढऱ्याची जिंकायची आशाही गेली.

म्हणजे देशी नियमानं एक सुंदर चाल मारली, हे मान्य. बदल्यात काय दिलं?

आधी साधा हिशेब. आठ पट्ट्यांच्या बढत्यांची किंमत मांडली तर दोन हत्तींचे १०, दोन घोड्यांचे ६, दोन उंटांचे ६ आणि मधल्या दोन पट्ट्यांचे १८. बेरीज ४०, सरासरी ५. आंतरराष्ट्रीय डावात ही सरासरी ९ आहे. म्हणजे प्याद्याचं बक्षीस जवळपास निम्म्यावर आलं. पण यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे प्यादी एकमेकांसारखी राहिली नाहीत. कडेच्या प्याद्याचं भविष्य हत्ती, त्याच्या शेजाऱ्याचं घोडा. प्यादं पट्टी बदलतं ते मारताना, तिरपं. म्हणून घोड्याच्या पट्टीतल्या प्याद्यानं कुणाला मारायचं, आत की बाहेर, हा प्रश्न आठव्या-दहाव्या चालीलाच पडतो. बाहेर मारलं तर हत्तीचा रस्ता, आत मारलं तर उंटाचा. वजिराच्या पट्टीत पोचायचं तर आणखी एकदा मारावं लागणार. आजचे प्रशिक्षकही मध्याकडे मारायला शिकवतात, पण त्याचं कारण वेगळं असतं. देशी डावात त्या सल्ल्याला खणखणीत किंमत होती, तीनचे नऊ.

उंटाच्या बाबतीत तर आणखी गंमत आहे. पट काळा-पांढरा असेल तर उंटाच्या पट्टीचं खालचं घर एका रंगाचं आणि वरचं दुसऱ्या. काळ्या घरावरून निघणारा उंट मेला आणि त्याच पट्टीत प्यादं सरळ वर गेलं तर नवा उंट पांढऱ्या घरातला मिळतो. तुमचा पांढऱ्या घरातला उंट जिवंत असेल तर दोन्ही उंट एकाच रंगावर, आणि अर्धा पट मोकळा! पट्टीबरोबर घराचा रंगही पाहावा लागे.

पण या नियमाचा खरा जीव ‘मेलेलं मोहरं’ या अटीत आहे. समोरच्याचा वजीर मारणं म्हणजे त्याच्या मधल्या प्याद्यांचं कुलूप काढणं. त्याचं कडेचं प्यादं सातव्या घरात असेल तर त्याचा हत्ती मारायच्या आधी दहा वेळा विचार करावा लागतो, कारण मेलेला हत्ती पुढच्याच चालीला जिवंत होऊन परत येईल. वजिरावजिरी केली तर दोघांचीही मधली दारं एकदम उघडतात, मग कुणाचं प्यादं पुढे आहे ते मोजा. जो भरल्या पटावर मजेत आहे त्याला बढती नाही, ज्याचं नुकसान झालं त्याला आहे. आजच्या संगणकी खेळांत मागे पडलेल्याला सावरायला संधी देणारी कलमं मुद्दाम घालतात. इथं ती नियमाच्या पोटातच होती, आणि दयेच्या वाटेनं न येता शहाणपणाची परीक्षा म्हणून येत होती.

घोड्याच्या पट्टीला मिळणारं बक्षीस सगळ्यांत कमी वाटतं. त्याचीही भरपाई होती. प्याद्याचा घोडा झाला की त्यानं त्याच दमात घोड्याची एक उडी मारायची. तीन गुणांचं मोहरं आणि वर एक चाल फुकट. दुबळ्या पर्यायाला ताकद वाढवून न देता वेळ वाढवून देणं, ही युक्ती मला या साऱ्या नियमांत सर्वांत आवडते.

पूर्वेकडे आणखी एक शहाणा नियम आहे, जपानी शोगीचा. तिथं बढती ऐच्छिक आहे आणि काही वेळा ती तोट्याची ठरते. चांदीचा सेनापती चारही तिरप्या दिशांना आणि एक घर सरळ पुढे चालतो. बढती घेऊन तो सोन्याच्या सेनापतीसारखा चालू लागला की आडवी चाल मिळते, पण तिरपं मागे सरकणं जातं. म्हणून कसलेले खेळाडूही कैकदा त्याला चांदीचाच ठेवतात. काहीतरी सोडल्याशिवाय काही मिळत नाही, अशी बढती हीच खरी पर्यायी बढती.

याच मोजमापानं आजचे खेळ तपासले तर दोन उदाहरणं डोळ्यांसमोर येतात. ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’च्या पाचव्या भागाला २००७ मध्ये ‘ट्राइब्ज ऑफ द ईस्ट’ हा विस्तार आला आणि त्यानं प्रत्येक सैनिकाला बढतीचे दोन रस्ते दिले. तिथल्या देवदूताचा एका वाटेनं आर्चएंजल होतो, जो मेलेल्या सोबत्यांना लढाईत पुन्हा उभं करतो. दुसऱ्या वाटेनं सेराफ होतो, जो मंत्रानं शत्रूला भाजून काढतो. एक झालेलं नुकसान भरून काढतो, दुसरा शत्रूवर घाव घालतो. कागदावर तोल चोख आहे. पण बहुतेक लढायांत आपली माणसं वाचवणं हेच जास्त मोलाचं ठरतं, त्यामुळे आर्चएंजलकडे हात आपसूक जातो. वजिराचीच गोष्ट पुन्हा.

‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा मुक्त खेळ डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केला. त्यातला भालाईत अनुभव मिळवून तिघांपैकी एक होतो. तलवारबाज झाला तर लांबून फेकायचा भाला गमावतो. पाइकमन झाला तर घोडेस्वारांपुढे भिंतीसारखा उभा राहतो. जॅव्हलिनियर झाला तर दूरच्या माऱ्यात सरस ठरतो. समोर कोण आहे त्यावर उत्तर बदलतं. हा खेळ देशी पटाच्या जास्त जवळचा आहे, कारण ‘कोणता पर्याय चांगला?’ या प्रश्नाला पट न पाहता उत्तर देता येत नाही.

आपला नियम मग गेला का? स्पर्धांसाठी. या बदलाची पावलं पेशवाईच्या अखेरीसच दिसतात. त्रिवेंगडाचार्यशास्त्र्यांनी दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयानं ‘विलासमणिमंजरी’ हा बुद्धिबळावरचा संस्कृत ग्रंथ रचला. १८१४ मध्ये त्याचं इंग्रजी रूप मुंबईत छापलं गेलं, तेव्हा त्यातले डाव युरोपी पद्धतीला जुळवून घेतल्याचं शीर्षकातच नमूद होतं. पुढे सुलतान खानसारखा देशी नियमांत वाढलेला खेळाडू परका नियम शिकून १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ उभा राहिला. १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते होते. त्यानंतर मान मिळवायचा तर जगाचाच नियम खेळणं भाग होतं. ते योग्यच झालं, नाहीतर पुढच्या आशियाई विजेत्या इथून निघाल्या नसत्या.

देशी डावाचे दोषही होते. एक-एक घर सरकणारी प्यादी डाव रेंगाळवत, म्हणून अनेक ठिकाणी सुरुवातीच्या काही चाली एकदमच करून घेत. बुर्जीमुळे बरोबऱ्या वाढत. आणि शेजारच्या गावात गेलं की नियम आधी ठरवून घ्यावे लागत.

पण २०२० मध्ये टोमाशेव्ह, पाके, हसाबिस हे संशोधक आणि माजी जगज्जेता क्रामनिक यांनी आल्फाझीरो या संगणकी खेळाडूला बुद्धिबळाचे नऊ पर्यायी नियमसंच शिकवून खेळाचा तोल तपासला. त्यात किल्लेकोट नसलेला डाव होता आणि प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणारा डावसुद्धा. हे दोन्ही आपल्या पणजोबांचे नियम! बढतीच्या नियमाला मात्र त्यांनी हात लावला नाही. पट्टीप्रमाणे बढती आणि मेलेल्या मोहऱ्याची अट यांचा तोल अजून कुणी असा तपासायचा आहे. सांगली-साताऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या एखाद्या विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हे काम सहज पेलेल.

त्यासाठी नियम नेमके हवेत आणि ते माणसांजवळ आहेत. वाईला विश्वकोशाचं घर असलेल्या सातारा जिल्ह्यात आणि बुद्धिबळाचं घर असलेल्या सांगलीत हे नोंदवून ठेवणं अवघड नाही. तुमच्या घरात कुणी ऐंशीच्या घरातलं असेल आणि लहानपणी सोप्यावर बसून देशी डाव खेळलं असेल, तर या दिवाळीत त्यांच्यासमोर पट मांडा. प्यादं घोड्याच्या पट्टीत चढलं आणि दोन्ही घोडे जिवंत असले तर काय करायचं, उंटाचा रंग जुळला नाही तर काय, राजाची घोड्याची चाल शह बसल्यावर जायची की राहायची, हे विचारा. गावाच्या नावासह लिहून काढा आणि अंकाच्या पत्त्यावर पाठवा.