सूर्य मावळत नाही त्या गावात बिऱ्हाड

रोजा पहाटेच्या पहिल्या उजेडाआधी सुरू होतो आणि सूर्य मावळला की सुटतो. आपल्याकडे हे इतके सरळ आहे की मगरिबची अजान झाली, खजूर तोंडात गेला, संपले. मोहल्ल्यालगतच्या हिंदू घरांतल्या मुलांनाही ती वेळ पाठ असते. पण जिथे जून महिन्यात सूर्य मावळतच नाही, तिथे रोजा सोडायचा कधी? आणि अशा गावात बायको-मुलांना घेऊन कायमचे राहायला जायचे ठरवले तर?

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशात इनुविक नावाचे गाव आहे. आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला, सुमारे २०० किलोमीटर पुढे, मॅकेन्झी नदीच्या मुखाजवळ. लोकवस्ती तीन हजारांच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडचे एखादे मध्यम खेडे. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे सूर्य क्षितिजाखाली जात नाही. डिसेंबरच्या सुरुवातीपासून पुढचे सुमारे तीस दिवस तो उगवत नाही. पारा उणे ४० पर्यंत उतरतो. जमीन बारमाही गोठलेली असते, म्हणून घरे लाकडी खांबांवर उचलून बांधतात. पाया थेट जमिनीवर घातला तर घराच्या उबेने खालचा बर्फ वितळतो आणि घर खचते. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळही पुरता येत नाहीत. ते धातूच्या लांबलचक पेट्यांतून जमिनीवरूनच घराघरांत नेलेले दिसतात.

या गावात मुसलमान आहेत. फार नाहीत, शंभराच्या आसपास. सुदान, लेबनॉन, इजिप्त अशा ऊन-वाळूच्या देशांतून निघालेली ही माणसे आधी टोरोंटो, एडमंटन अशा शहरांत आली आणि मग पगार चांगला म्हणून उत्तरेकडे सरकली. दूरच्या उत्तरेत काम करायला यावे म्हणून तिथे पगारही जास्त आणि भत्तेही जास्त. गावातल्या टॅक्सी चालवणाऱ्यांत यांचा भरणा मोठा. इतक्या थंडीत चालत कोण जाणार? तेव्हा टॅक्सीचा धंदा बरा चालतो.

पण बरीच वर्षे ही पुरुषांची वस्ती होती. नवरा इनुविकमध्ये आणि बायको-मुले दोन-तीन हजार किलोमीटर दक्षिणेला, एखाद्या शहरातल्या भाड्याच्या घरात. वर्षातून काही आठवडे भेट, बाकी फोन. रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांनी कुवेत-दुबईच्या नोकऱ्या केल्या, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच की तिथे व्हिसाची अडचण नव्हती. कुटुंबाला आणायला कायदा आड येत नव्हता. मन धजत नव्हते. मुलांना कुराण कोण शिकवणार, हलाल मटण कुठून आणायचे, बायकोने दिवसभर कोणाशी बोलायचे? नमाजला जागा होती, पण ती म्हणजे एक छोटासा ट्रेलर. शुक्रवारी पुरुषच त्यात कसेबसे मावत. तिथे बायका-मुलांना कुठे उभे करणार?

मशीद बांधावी तर इनुविकमध्ये मजुरी आणि सामान दोन्ही महाग. म्हणून मॅनिटोबातील झुबैदा तल्लाब फाउंडेशनने वेगळा हिशेब मांडला: मशीद विनिपेगमध्येच बांधायची आणि तयार इमारत उत्तरेला पाठवायची. हिशेबात ते स्वस्त पडत होते. २०१० चा उन्हाळा सरता सरता सुमारे दीड हजार चौरस फुटांची ती पिवळसर इमारत ट्रकवर चढली. प्रवास चार हजार किलोमीटरचा. वाटेत एका अरुंद पुलावर ती ओढ्यात कोसळता कोसळता वाचली. हे रिव्हर या गावी ट्रकवरून उतरून तराफ्यावर गेली आणि मॅकेन्झी नदीतून उत्तरेकडे निघाली. घाई होती, कारण नदी गोठली की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाहतूक बंद. सप्टेंबरमध्ये ती इनुविकच्या धक्क्याला लागली. दहा मीटर उंचीचा मिनार मात्र गावातच उभा राहिला. तो बाहेरगावाहून आलेल्या एका मुसलमान सुताराने बांधला. नोव्हेंबरमध्ये मशीद उघडली. 'मध्यरात्रीच्या सूर्याची मशीद' हेच तिचे नाव.

त्यानंतर कुटुंबे येण्याचा विचार करू लागली. मशीद म्हणजे नमाजची जागा एवढेच आपण धरतो. परक्या मुलखात नव्याने आलेल्या बाईला ती मैत्रीण मिळण्याची जागा असते आणि मुलांना आपल्यासारखी दुसरी मुले दिसण्याची.

या मशिदीत नमाजला उभे राहायचे ते उत्तरेकडे तोंड करून. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले. सपाट नकाशा पाहिला तर इनुविकहून मक्का आग्नेयेला कुठेतरी वाटते. पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा. सर्वांत जवळची वाट जवळपास सरळ उत्तरेला निघते, ध्रुवाच्या अगदी शेजारून जाते आणि पलीकडे उतरून मक्केला पोचते. अंतर सुमारे दहा हजार किलोमीटर.

रोजाच्या वेळेचा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. शेवटच्या काळात एक दिवस वर्षाएवढा लांब होईल, असे पैगंबरांनी सांगितले, तेव्हा सोबत्यांनी विचारले की त्या दिवशी एका दिवसाची नमाज पुरेल का? उत्तर मिळाले की नाही, वेळेचा अंदाज बांधा. पुढे धर्मपंडितांनी ध्रुवाजवळच्या प्रदेशांचा विचार केला तेव्हा हाच आधार घेतला. दिवस-रात्र नीट होतात अशा जवळच्या गावाचे घड्याळ धरा, किंवा मक्केचे. नॉर्वेतल्या ट्रोम्सोचे मुसलमान मक्केची वेळ धरतात. इनुविककरांनी एडमंटनची धरली. एडमंटनला जूनमध्ये सूर्य उशिरा का होईना मावळतो आणि तिथे कॅनडातली पहिली मशीद १९३८ पासून आहे. शिवाय दोन्ही गावांचे घड्याळ एकच.

२०१५ मध्ये अख्खा रमजान त्या न मावळणाऱ्या सूर्याखाली गेला. १८ जूनला सुरू झाला, जुलैच्या मध्यात संपला. एडमंटनच्या हिशेबाने रोजा जवळजवळ १९ तासांचा. रात्री दहानंतर इफ्तार, आणि तेव्हा खिडकीतून लख्ख ऊन आत येत असते. तरावीह संपवून घरी परतायचे तेही उन्हातच. लहान मुलांवर रोजा फर्ज नाही, पण हौस कोणत्या मुलाला नसते? 'सूर्य मावळला की खायचे' असे त्याला शिकवलेले, आणि सूर्य तर आहे तिथेच. आईला भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवावे लागते. खरे तर रमजान नसतानाही जूनभर तिचे हेच काम. अकरा वाजले तरी मुले बाहेर हुंदडत असतात. खिडक्यांना जाड काळे पडदे किंवा सरळ अॅल्युमिनियमची चांदी चिकटवून घरात रात्र करावी लागते.

हिवाळ्याचे गणित उलटे. मुले शाळेत जातात ती रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात. दुपारी काही वेळ आभाळ निळसर-गुलाबी होते, तेवढाच दिवस. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्याची कडा पुन्हा दिसते तेव्हा गाव शेकोटी पेटवून, आतषबाजी करून तिचे स्वागत करते. शेजारी ग्विचिन आणि इनुव्हियालुइट, म्हणजे इथले मूळ रहिवासी. त्यांच्या भाषा शाळेत शिकवल्या जातात. ही साधी गोष्ट नाही. याच गावात ग्रोलियर हॉल हे वसतिगृह होते. सरकारी धोरणाने आई-बापांपासून तोडलेली मूळ रहिवाशांची मुले १९९० च्या दशकापर्यंत तिथे ठेवली जात. त्याच वसतिगृहाच्या जुन्या आइस हॉकीच्या मैदानाच्या छपराखाली आज गावाची सामाईक हरितगृह-बाग आहे. लोक तिथे टोमॅटो, पालेभाज्या लावतात. मुले जवळ असण्याचे मोल या गावाला कोणी सांगायला नको.

खर्चाचे काय? एकच रस्ता आहे, डेम्पस्टर हायवे, १९७९ मध्ये खुला झालेला, ७०० किलोमीटरहून लांब आणि कच्चा. वाटेत दोन नद्या, पूल नाहीत. उन्हाळ्यात फेरी, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून गाड्या. मधले काही आठवडे बर्फ धड जमत नाही की धड वितळत नाही, तेव्हा रस्ता बंद आणि दूध-भाजी विमानाने. भाव त्याप्रमाणे. हलाल मटण दक्षिणेहून मागवून फ्रीजरमध्ये भरून ठेवायचे. महागाईचा चटका सगळ्यांनाच बसतो, म्हणून मशिदीशी जोडलेली अन्नपेढीही गावात सुरू झाली. रांगेत येणाऱ्याचा धर्म तिथे विचारत नाहीत.

आणि नोकरीचा भरवसा? मॅकेन्झी खोऱ्यातल्या वायुवाहिनीच्या आशेवर इनुविकने कित्येक दशके काढली. २०१७ च्या अखेरीस तो प्रकल्प रद्द झाला. त्याच वर्षी टुकटोयाक्टुकच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंतचा नवा रस्ता खुला झाला, थोडे पर्यटक वाढले. टॅक्सीवाल्याने बायकोला बोलावून घ्यायचे की स्वतःच दक्षिणेला परतायचे, हे अशा बातम्यांवर ठरते. मशीद झाली म्हणून सगळीच कुटुंबे आली असे नाही. काही आली आणि दोन हिवाळे काढून गेलीही असतील. त्यांना दोष कोण देणार?

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, त्यामुळे इनुविकचे जूनमधले रोजे आता मागे पडले आहेत. २०३० मध्ये रमजान एकाच वर्षात दोनदा येईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. दुसऱ्या खेपेला सुरुवातीचे काही दिवस इनुविकमध्ये सूर्य उगवणारच नाही. तेव्हाही एडमंटनचेच घड्याळ धरले, तर दहा तासांच्या आतबाहेर रोजा होईल आणि दुपारी साडेचारच्या आत इफ्तार. शाळेतून परतलेल्या मुलांना घरच्यांबरोबर दस्तरखानावर बसता येईल.